बाईच्या काळजाचं वय

आमच्या पार्ल्याच्या गटाची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. पूर्वी आम्ही नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बायकांच्या केसेस घेऊन बसायचो. अजूनही बसतो, पण आता पहिली दहा मिनिटं गुडघे, मोतीबिंदू आणि कुणाला कुठली गोळी चालू आहे यातच जातात. मागच्या बैठकीत एका मैत्रिणीने इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण आणलं होतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात टोनी वाइस-कोरे यांच्या गटाने 2023 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाबद्दल. माणसाच्या रक्तातली जवळजवळ पाच हजार प्रथिनं मोजून त्यांनी दाखवलं की शरीरातले सगळे अवयव एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत. कुणाची मूत्रपिंडं आधी थकतात, कुणाचं हृदय. ज्यांचं हृदय वयाच्या मानाने जास्त म्हातारं निघालं, त्यांना पुढे हृदय निकामी होण्याचा धोका अडीचशे टक्क्यांनी जास्त होता.

"म्हणजे आता या प्रथिनांवर औषध निघेल आणि आपण तरुण राहू," ती म्हणाली.

"तरुण राहून काय करायचं? परत तीच धुणीभांडी?" आमच्यातल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्तीने विचारलं, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येताना हनुमान रोडवर भाजी घेतली आणि मनात तेच घोळत राहिलं. हृदय आधी म्हातारं होतं हे कळलं. कुणाचं होतं? आणि कशाने?

मला हे प्रश्न पडण्याचं कारण आहे. मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम केलं. डॉक्टर नव्हे, तंत्रज्ञ. आलेल्या बाटलीवर नाव, वय आणि 'स्त्री' की 'पुरुष' लिहिलेलं असे. बाईची आणि बुवाची बाटली शेजारी-शेजारी एकाच यंत्रात जायची आणि दोघांच्याही उत्तराशेजारी कितीतरी तपासण्यांत एकच 'नॉर्मल' आकडा छापला जायचा. तो आकडा कुणाच्या रक्तावरून ठरला, हे मी एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

विचारायला लागले ते आमच्या मोठ्या जाऊबाईंमुळे. त्यांनी सासूबाईंचं अंथरुणातलं अकरा वर्षं केलं. सासूबाई गेल्या आणि दीड वर्षात भाऊजींना पक्षाघात झाला, की पुन्हा तेच. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, रात्री दोनदा उठणं. त्यांना कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझं काय, मी धडधाकट आहे." 2016 च्या पावसाळ्यात आठ-दहा दिवस त्या सारख्या दमत होत्या. जिना चढताना मध्ये थांबायच्या. मग एका संध्याकाळी मळमळ, जबडा आणि पाठ दुखणं, अंगाला दरदरून घाम. छातीत कळ अशी नव्हतीच. जवळच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, 'गॅसेस आहेत, टेन्शन घेऊ नका' असं सांगून गोळ्या दिल्या. ईसीजी काढला नाही. आणि हे मला लिहिलंच पाहिजे, की घरी आल्यावर ओवा आणि सैंधव त्यांच्या हातावर मी ठेवलं. प्रयोगशाळेत जन्म घालवलेल्या मी. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात नेईपर्यंत अठरा तास गेले होते. जाऊबाई वाचल्या, पण हृदयाचा मोठा भाग कायमचा निकामी झाला.

त्याच आठवड्यात भाऊजींच्या छातीत नुसती चमक भरली होती, तर तेच डॉक्टर घरी येऊन ईसीजी काढून गेले होते. त्या डॉक्टरांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात हृदयविकाराचं जे चित्र होतं त्यात पन्नाशीचा एक पुरुष छातीवर हात धरून उभा होता. तेच चित्र माझ्याही डोक्यात होतं.

हे चित्र आलं कुठून? अमेरिकेत बाल्टिमोर इथे 1958 साली वार्धक्याचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. माणसं म्हातारी कशी होतात हे वर्षानुवर्षं तीच माणसं तपासून पाहायचं. अशा अभ्यासांत तो जगातला सर्वांत लांबलेल्यांपैकी एक. त्यात पहिली वीस वर्षं एकही बाई नव्हती. बायका घेतल्या 1978 पासून. म्हणजे वीस वर्षं 'माणूस म्हातारा कसा होतो' या प्रश्नाचं उत्तर पुरुषांना विचारून लिहिलं गेलं, आणि बायका तर जगतात पुरुषांपेक्षा जास्त! अ‍ॅस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो, हे ज्या प्रसिद्ध चाचणीने 1989 साली सांगितलं त्यात बावीस हजार डॉक्टर होते, सगळे पुरुष. हीच गोळी जवळजवळ चाळीस हजार बायकांना देऊन पाहिली त्याचं उत्तर 2005 साली आलं. बायकांमध्ये तिने पक्षाघात कमी झाला, पहिला हृदयविकाराचा झटका एकूणात कमी झाला नाही. मधल्या सोळा वर्षांत किती बायकांनी पुरुषांच्या उत्तरावर गोळ्या गिळल्या असतील!

आता माझ्या धंद्यातलं सांगते. ट्रॉपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे. स्नायू आकुंचन पावतो त्याला ते लागतं. एरवी ते स्नायूतच असतं. झटका आला, स्नायूच्या पेशी मेल्या, की ते रक्तात सांडतं. म्हणून रक्तात ट्रॉपोनिन किती, यावरून झटका होता की नाही हे ठरतं. निरोगी माणसांच्या रक्तातही त्याचा अगदी थोडा अंश असतो, आणि बाईच्या रक्तात तो पुरुषापेक्षा कमी असतो. मग दोघांना एकच रेघ आखली तर काय होईल? एडिनबरो इथल्या संशोधकांनी ते 2015 साली दाखवून दिलं. छातीत दुखतं म्हणून आलेल्या अकराशेवर रुग्णांची त्यांनी नवी, बारीक तपासणी केली आणि बायकांसाठी 16 आणि पुरुषांसाठी 34 अशी वेगळी रेघ धरली. जुन्या हिशेबाने शंभरातल्या 11 बायकांना झटका आल्याचं निदान होत होतं. नव्या हिशेबाने ते 22 झालं. पुरुषांमध्ये 19 चे फक्त 21 झाले. म्हणजे ज्यांना झटका आला होता अशा निम्म्या बायकांना 'काही नाही, घरी जा' म्हणून सांगितलं जात होतं.

एवढं झाल्यावर सगळं ठीक झालं असं वाटेल. झालं नाही. पुढे स्कॉटलंडमधल्या दहा इस्पितळांत अठ्ठेचाळीस हजारांवर रुग्णांवर हाच प्रयोग झाला. त्याचा 2019 चा अहवाल सांगतो की निदान बायकांमध्ये बरंच वाढलं, पण उपचार त्यांना पुरुषांपेक्षा कमीच मिळत राहिले. रेघ बदलली, नजर नाही बदलली. आपल्या चळवळीतल्या बाईला हे नवीन नाही. कायदा झाला तरी पोलीस तक्रार लिहून घेत नाही, तसंच हे.

पण ट्रॉपोनिन झटका आल्यानंतर सांगतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते आधीचं, हृदय हळूहळू म्हातारं कसं होतं ते. यकृतात तयार होणारं एक प्रथिन आहे, सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. आम्ही लॅबमध्ये ते संसर्ग ओळखायला वापरायचो. कुठे पू झालाय, कुठे सूज आहे, की हे वाढतं. नंतर लक्षात आलं की काहींच्या रक्तात ते कायमच थोडं चढलेलं असतं. ताप नाही, जखम नाही, तरी आत मंद विस्तव धुमसत असतो. वयाबरोबर हा विस्तव वाढतो, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्याची झळ लागते. 2000 साली अमेरिकेतल्या पॉल रिडकर यांनी पाळी थांबलेल्या अठ्ठावीस हजारांवर निरोगी बायकांच्या अभ्यासातून दाखवलं की हे प्रथिन ज्यांच्यात जास्त, त्यांना पुढे हृदयाचा त्रास होण्याची शक्यताही जास्त. म्हणजे बायकांना विचारलं की उत्तर मिळतं. विचारायचाच अवकाश.

हा विस्तव पेटवतं कोण? साखर, चरबी, तंबाखू, चुलीचा धूर, हे सगळे सांगतातच. त्यात मला एक संशोधन घालायचं आहे. आपल्या पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना जणू फॉल-बीडिंग केलेलं असतं. साडीला ते नसेल तर कड उसवते, तसं पेशी विभागताना हे टोक थोडंथोडं झिजतं. ते परत शिवणारं एक विकर आहे, टेलोमरेज, तेही प्रथिन आणि आरएनए मिळून बनलेलं. त्याच्या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक झोस्टाक यांना 2009 चं नोबेल मिळालं. पण ब्लॅकबर्नबाईंनी त्याआधी 2004 साली एलिसा एपेल या मानसशास्त्रज्ञ बाईंबरोबर जे केलं ते मला नोबेलइतकंच मोलाचं वाटतं. त्यांनी 58 आया घेतल्या. काहींची मुलं निरोगी, काहींची दीर्घ आजारी. आजारी मुलाचं करण्यात जितकी जास्त वर्षं गेली होती, तितकी त्या आईच्या पेशींतली टोकं आखूड आणि टेलोमरेजही कमी. ज्या बायकांना ताण सर्वांत जास्त जाणवत होता, त्यांच्या पेशी कमी ताणाच्या बायकांपेक्षा निदान दहा वर्षांनी म्हाताऱ्या होत्या. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे मी मान्य करते. पण कुणीतरी बाईच्या सेवेची वर्षं रक्तात मोजायला गेलं, हेच केवढं आहे. आपण 'घरकाम हे काम आहे' म्हणून घसा फोडला तेव्हा लोकांना ती घोषणा वाटली.

आणि यावर उपाय काय निघाला? ध्यान करा, योग करा, सकारात्मक राहा. अगदी पार्ल्याच्या बागेतही सकाळी हेच ऐकते मी. मला प्राणायामाचं वावडं नाही, मी करते. पण जाऊबाईंना रात्री दोनदा उठावं लागत होतं, त्यावर प्राणायाम हा उपाय नव्हता. त्यांच्या दोन्ही मुलांनी आळीपाळीने आठवड्यातल्या तीन रात्री वडिलांजवळ झोपणं, हा उपाय होता. तो कुठल्याच डॉक्टरने लिहून दिला नाही. आम्ही घरच्यांनीही सुचवला नाही. 'वहिनी करताहेत ना' म्हणून सगळे निर्धास्त होतो.

आता आपल्या देशाकडे येते, त्यासाठी फार लांब जायला नको. गोवंडी-देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम तीच पाहते. 1992-93 च्या पहिल्या पाहणीत कुठल्या बायकांना प्रश्न विचारले गेले? 13 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या. लग्नाआधी आणि पन्नाशीनंतर बाई मोजण्यात नाही. मूल होण्याच्या वयापुरतीच ती सरकारला दिसत होती. 2019-21 च्या पाचव्या पाहणीत रक्तदाब आणि साखर मोजताना ही वरची मर्यादा काढली. त्याच संस्थेने 2017-18 मध्ये वार्धक्याची वेगळी पाहणी केली, पंचेचाळिशीच्या पुढची आणि त्यांचे जोडीदार अशी 72 हजारांवर माणसं. त्यात बोटाला टोचून रक्ताचे ठिपके कागदावर घेतले आणि ज्या प्रथिनाबद्दल मी वर लिहिलं, ते सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन मोजण्याची सोय केली. म्हणजे बाईच्या हृदयाच्या वयाची माहिती आपल्याच उपनगरात गोळा झाली आहे. तिला प्रश्न विचारणं आता आपल्याकडे आहे. विधवांच्या रक्तात काय दिसतं? अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्यांच्या? संशोधकांना हे प्रश्न आपणहून सुचतील याची वाट का पाहायची?

पण सरकारलाच बोल लावून मी मोकळी होणार नाही. आपण काय केलं? नेट-एन इंजेक्शनविरुद्ध लढलो, नॉरप्लांटविरुद्ध लढलो. गर्भलिंगचाचणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात 1988 साली झाला तो आपल्या रेट्यामुळे. 1994 साली शिरूरच्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली तेव्हा रस्त्यावर आलो. ते सगळं करायलाच हवं होतं. तरी आज मागे वळून पाहताना वाटतं, आपल्याही लेखी स्त्रीचं आरोग्य म्हणजे गर्भाशयच होतं. आपली शिबिरं आठवा. पाळी, गर्भधारणा, पांढरं जाणं, गर्भपात. आपण फलकावर बाईच्या शरीराचं चित्र काढायचो ते बेंबीच्या खाली. वरचा भाग आपण कोराच ठेवला.

आणि गर्भाशय आणि हृदय वेगळे तरी कुठे आहेत? 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला. सरकारी समितीच्या पाहणीत 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यांतल्या कितीतरी पस्तिशीच्या आतल्या. आपण मुकादमाबद्दल बोललो, खासगी दवाखान्यांच्या कमाईबद्दल बोललो. पण बीजकोशही काढले की पाळी थांबण्याचं वय एकदम अलीकडे येतं, आणि इतक्या लवकर पाळी थांबलेल्या बाईला हृदयविकाराचा धोका वाढतो, हे सिद्ध झालेलं आहे. त्या बायका आता चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत. कोयता चालूच आहे. त्यांचा रक्तदाब दरवर्षी कोण मोजतं?

आणखी एक गोष्ट. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या संशोधकांनी 2009 साली सांगितलं की हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात एक तुकडा गळालेला असतो आणि शंभरातल्या चार भारतीयांत तो तसा असतो. तरुणपणी शरीर ते सदोष प्रथिन झाडून टाकतं. वय वाढलं की झाडणं जमत नाही, केर साठत जातो आणि हृदय कमजोर होतं. एकट्या याच बदलाने किती धोका वाढतो यावर नंतर मतभेद झाले आहेत, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. मी हे सांगते ते वेगळ्यासाठी. असलं काही घराण्यात आहे का, हे कळायला आधीची माणसं कशाने गेली ते ठाऊक असावं लागतं. बैठकीत मी विचारलं, तुमचे वडील कशाने गेले? बहुतेकींनी चटकन सांगितलं, अ‍ॅटॅकने, दम्याने, कॅन्सरने. मग विचारलं, आई? "ती काय, थकत गेली." "झोपेतच गेली." "म्हातारपणाने." सतराजणींपैकी अकरा जणींना आईच्या मरणाचं कारण सांगता आलं नाही. त्यात मीही होते.

नेहरूनगरहून आमच्या इमारतीत कामाला येणारी बाई या बैठकीला कधीमधी येते. दिवसाला पाच घरं, त्यातल्या दोन इमारतींना लिफ्ट नाही. तिला म्हटलं, पालिकेच्या दवाखान्यात जाऊन रक्तदाब तपासून ये. ती म्हणाली, "ताई, ओपीडी सकाळची असते. माझी घरंपण सकाळचीच." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग एकीने सुचवलं आणि ठरलं की गटाच्या पैशातून रक्तदाबाचं यंत्र घ्यायचं आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते सात बसायचं. मोजायला मी. वही केली आहे. त्यात नाव, वय, रक्तदाब, पाळी कधी थांबली, पिशवी काढली आहे का, एवढं विचारायचं. त्याखाली दोन रकाने मी माझ्या मनाने घातले: घरात कुणाचं आजारपण काढते आहेस, किती वर्षं? आणि, आई कशाने गेली?

जो आकडा चढलेला निघेल तिच्याबरोबर गटातली एकजण इस्पितळात जाईल, म्हणजे 'गॅसेस' म्हणून परत पाठवलं तर ईसीजी मागायला कुणीतरी असेल. मालकिणींशी अर्ध्या दिवसाच्या रजेचं बोलायचं कामही आपलंच. आमच्यातल्या निम्म्याजणी मालकिणीच आहेत, तेव्हा ते जरा कठीण जाणार आहे.

पहिल्या शनिवारी जाऊबाईंना घेऊन गेले होते. त्यांना आता रिक्षातून उतरून चार पावलं चाललं तरी धाप लागते. भाऊजींना जाऊन तीन वर्षं झाली. वहीतला शेवटून दुसरा रकाना भरताना मी विचारलं, "किती वर्षं लिहू?" त्या बोटांवर मोजत बसल्या. सासूबाईंची अकरा, भाऊजींची आठ. मग म्हणाल्या, "मधली दीड वर्षं नको धरूस. तेव्हा घरात कुणीच आजारी नव्हतं."